पोल कुणाचा? पात्रता फेरी, इंजिन आणि आपलं समालोचन



विषय ऐकून मघाशी दोघातिघांनी मला बाजूला घेऊन विचारलं, पणदऱ्यात फॉर्म्युला वनचं काय काम? प्रश्न रास्त आहे. ती शर्यत भारतात तीनच वेळा झाली, २०११, २०१२ आणि २०१३ साली, आणि तीही तिकडं ग्रेटर नोएडाला. आपल्यापैकी कोणी तिथं गेलं असेल असं वाटत नाही. पण मी आज वेगाबद्दल कमी आणि वेगाविषयी आपण जे बोलतो त्याबद्दल जास्त बोलणार आहे. समालोचनाची समीक्षा म्हणा. आणि समालोचनाच्या बाबतीत आपला भाग अडाणी नाही, उलट फार पुढं आहे. ते कसं, तेही सांगतो.

आधी पात्रता फेरी म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. मुख्य शर्यत रविवारी असते. त्यात कुणी कुठल्या जागेवरून सुटायचं हे बहुतेक वेळा शनिवारी ठरतं. तीन टप्पे असतात, पुढचा टप्पा आधीच्यापेक्षा छोटा. प्रत्येक टप्प्याला मागचे गळतात. शेवटच्या टप्प्यात ज्याची एक फेरी सगळ्यात कमी वेळात होते तो पहिल्या जागेवर. त्या जागेला म्हणतात पोल. टाकीत पेट्रोल जेमतेम, टायर सगळ्यात मऊ, समोर गाडी नको, फक्त तुम्ही आणि घड्याळ.

हे आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. वर खेड, जुन्नर, आंबेगावकडं गाडा घाटात पळतो. एक बारी सुटते, पुढं घोडी, आणि सेकंद मोजले जातात. ज्याचे सेकंद कमी तो घाटाचा राजा. इकडं बारामती, फलटण, माण साइडला गाड्या शेजारी शेजारी सुटतात, गट, सेमी, फायनल. म्हणजे शनिवारची पात्रता फेरी हा जुन्नरचा घाट, आणि रविवारची शर्यत हे आपलं मैदान. [हशा]

आता आपल्या मैदानातला समालोचक आठवा. माइक हातात आला की तो काय बोलतो? बैल कुणाचा, पैरा कुणाशी, गाडी कितव्या तासावर आहे, त्या तासाला माती कशी आहे, सुट्टी कशी झाली, गाडीवर कोण बसलाय. बैलाचं नाव तो घेतोच, पण एकट्या बैलाचं कौतुक करून थांबत नाही. तालुक्यात नंबर एकचा बैल असला आणि पैरा जमला नाही, एक ओढतोय आणि दुसरा मागं राहतोय, तर गाडी तासाबाहेर जाते. शेंबड्या पोरालाही हे कळतं. २०१४च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाच्या निकालानं शर्यती बंद झाल्या, २०२१च्या डिसेंबरात परवानगी मिळाली. मधली साडेसात वर्षं मैदानं सुनी होती, तरी ही भाषा जिवंत राहिली.

आणि तोच माणूस घरी येऊन मोबाइलवर मोटारीची शर्यत बघतो तेव्हा त्याला काय ऐकायला मिळतं? अमक्याचं इंजिन तगडं. तमक्याला ताकद कमी पडली. एवढे हॉर्सपॉवर, तेवढे हॉर्सपॉवर. मराठी पेपरात तर पात्रता फेरीच्या बातमीला चार ओळी मिळतात आणि त्यातली एक ओळ इंजिनाच्या ताकदीवर खर्च होते. माझी तक्रार ही आहे. ती ओळ खोटी असते असं मी म्हणत नाही. ती आळशी असते.

पुरावा देतो. १९८६ साल घ्या. त्या काळी टर्बो इंजिनं होती, आणि पात्रता फेरीपुरतं वेगळं इंजिन लावायची पद्धत होती. चार फेऱ्या पळालं, संपलं, काढून ठेवा. त्यात बीएमडब्ल्यूचं दीड लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन सगळ्यांत दांडगं. त्याचा मूळ ब्लॉक रस्त्यावरच्या साध्या मोटारीचा होता बरं का, ओतीव लोखंडाचा. पात्रता फेरीत ते १३००च्या वर हॉर्सपॉवर देत असावं असा अंदाज सांगतात. अंदाजच, कारण त्यांचं मोजायचं यंत्र त्याच्या आधीच संपत होतं. आता मला सांगा, त्या वर्षीच्या १६ शर्यतींत बीएमडब्ल्यूच्या इंजिनाला पोल किती मिळाले असतील? दोन. दोन्ही टेओ फाबीला, बेनेटन गाडीत, ऑस्ट्रियात आणि मोन्झाला. दोन्ही ट्रॅक लांब सरळ रस्त्यांचे. आयर्टन सेनानं त्याच वर्षी लोटसमधून रेनॉचं इंजिन घेऊन आठ पोल काढले. जगातलं सगळ्यात ताकदवान इंजिन दोन, आणि दुसऱ्याचं आठ.

दुसरा पुरावा अलीकडचा, आणि हा मला जास्त आवडतो, कारण हा जवळजवळ प्रयोगशाळेतल्या प्रयोगासारखा झाला. मर्सिडीजच्या इंजिनात म्हणे पात्रता फेरीसाठी एक खास सेटिंग होतं. लोक त्याला पार्टी मोड म्हणायचे. एका फेरीपुरती जादा ताकद काढायची आणि रविवारी इंजिन जपून चालवायचं. सगळे म्हणायचे, यांचे पोल येतात ते त्याच्यामुळं. २०२०च्या सप्टेंबरात, मोन्झाच्या शर्यतीपासून नियम आला: पात्रता फेरीत आणि शर्यतीत इंजिनाचं सेटिंग एकच ठेवायचं. झालं, आता मर्सिडीज खाली येणार! आणि मोन्झा म्हणजे इंजिनाची परीक्षा, फेरीचा तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त वेळ पाय खाली दाबलेला असतो. निकाल काय लागला? हॅमिल्टन पोलवर, १ मिनिट १८.८८७ सेकंद, सरासरी ताशी २६४ किलोमीटरच्या वर. फॉर्म्युला वनच्या इतिहासातली तोवरची सगळ्यात वेगवान फेरी. दुसरा बोटास, तोही मर्सिडीजच. तिसरा कार्लोस साइन्झ, आठ दशांश सेकंदानं मागं. पात्रता फेरीत आठ दशांश म्हणजे शिवारभर अंतर. ज्या कारणानं पोल मिळतो असं सगळे सांगत होते ते कारण काढून घेतलं, आणि अंतर तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी किती समालोचकांनी आपलं जुनं म्हणणं मागं घेतलं, ते मी शोधत बसलो नाही. [हशा]

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, म्हणजे इंजिनाला काही अर्थच नाही. थांबा. आता माझ्याच विरोधातला पुरावा देतो, कारण तो दिला नाही तर मीही तसलाच समालोचक ठरेन.

२०१९ साली फेरारीनं २१ पैकी नऊ पोल घेतले. सात लक्लेअरनं, दोन फेटेलनं. सरळ रस्त्यावर त्यांच्या गाडीला कुणी धरू शकत नव्हतं. मग कुजबुज सुरू झाली, चौकशी झाली, आणि २०२०च्या फेब्रुवारीत नियामक संस्थेनं जाहीर केलं की फेरारीशी आमचा समझोता झाला. काय सापडलं ते आजतागायत सांगितलेलं नाही. पुढच्या हंगामात फेरारीचे पोल किती? शून्य. मोन्झाला, त्यांच्या घरच्या ट्रॅकवर, आदल्या वर्षी लक्लेअर पोलवर होता आणि जिंकलाही होता. २०२०ला तो १३वा आणि फेटेल १७वा. फेरारीचंच इंजिन लावणाऱ्या अल्फा रोमिओ आणि हासच्या गाड्याही त्या वर्षी मागंच घसरल्या. म्हणजे इंजिन गेलं की सगळं गेलं. मग मर्सिडीजचा प्रयोग खरा की फेरारीचा?

दोन्ही खरे. आणि मला जे सांगायचंय ते इथंच आहे.

आपण ताकद म्हणजे वेगळं काढून ठेवता येणारं गाठोडं समजतो. इंजिन इतके टक्के, गाडी इतके टक्के, ड्रायव्हर इतके टक्के. असं वाटणीपत्र होत नाही. गाडीला मागं आणि पुढं पंख असतात. विमानाच्या पंखाच्या उलटे, गाडीला जमिनीवर दाबणारे. पंख जास्त उभा केला की वळणावर गाडी चिकटून जाते, पण सरळ रस्त्यावर तोच पंख हवेला अडतो. आणि हवेचा हिशेब वाईट असतो. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट, आणि तो विरोध कापायला लागणारी ताकद आठपट. आता समजा तुमच्या इंजिनाची ताकद कमी झाली. सरळ रस्त्यावर तुम्ही मागं पडता. मग तुम्ही काय करता? पंख पाडता, हवा कमी अडावी म्हणून. पंख पाडला की वळणावर गाडी सुटायला लागते. गाडी सुटली की टायर घासून तापतो. टायर तापला की फेरीच्या शेवटच्या दोन वळणांना पकडच राहत नाही. बघा, ताकद कमी झाली इंजिनाची आणि वेळ गेला वळणात. घड्याळ बघून तो वेळ कुणाच्या खात्यावर लिहिणार?

उलटंही होतं. वळणात ज्याची गाडी चांगली तो वळणातून लवकर ॲक्सिलरेटर दाबतो, आणि पुढच्या अख्ख्या सरळ रस्त्यावर तो पुढंच राहतो. टीव्हीवर मात्र दिसतं की सरळ रस्त्यावर हा वेगवान आहे, म्हणजे इंजिन भारी.

हा पैरा आहे मंडळी. इंजिन आणि गाडी हा पैरा आहे. मैदानातला आपला समालोचक हे ओळखतो, आणि लाखो रुपयांची यंत्रं समोर ठेवून बसलेला माणूस विसरतो.

तुम्ही हे रोज बघता, मोटारीची शर्यत बघायची गरजच नाही. गळिताच्या हंगामात बारामती-नीरा रस्त्यावर माळेगावकडं जाणारे उसाचे ट्रॅक्टर बघा. दोन ट्रॉल्या भरलेल्या, चढ आला, आणि ट्रॅक्टर पुढून उचलतो. ताकद आहे, इंजिन ओरडतंय, पण पुढची चाकं हवेत. मग कोणीतरी बॉनेटवर जाऊन बसतं, जे कुणीही करू नये. तिथं कमी काय पडलं? हॉर्सपॉवर नाही कमी पडली. वजन कुठं आहे आणि टायर मातीला किती धरतोय, ते कमी पडलं. तरी ट्रॅक्टर घ्यायला गेल्यावर आपला पहिला प्रश्न, किती एचपी?

सिनेमानं या बाबतीत काय केलंय तेही बघू. रॉन हॉवर्डचा २०१३चा 'रश' बऱ्याच जणांनी बघितलाय. निकी लाउडा आणि जेम्स हंट, १९७६चा हंगाम. त्या सिनेमात एक फार चांगला प्रसंग आहे. लाउडा नव्या संघात पैसे देऊन शिरतो आणि रात्रभर मेकॅनिकांबरोबर बसून गाडीचं वजन उतरवतो. सकाळी तीच गाडी फेरीला दोन सेकंदांच्या वर वेगानं पळते. सहकारी ड्रायव्हर थक्क. लाउडाला गाडीतली खोट कळते ती बसल्या जागी, पाठीतून आणि बुडातून. सिनेमा इथं खरं बोलतो. पण पुढं काय? शर्यत आली की कॅमेरा थेट इंजिनाच्या आत. व्हॉल्व्ह उघडतायत, पिस्टन वरखाली होतायत, आणि आवाज असा की खुर्ची हलते. त्या वर्षी फेरारीचं बारा सिलिंडरचं इंजिन हंटच्या मॅक्लारेनमधल्या कॉसवर्थपेक्षा ताकदवान मानलं जायचं. पोल मोजा: हंट आठ, लाउडा तीन. लाउडा अपघातामुळं मधल्या काही शर्यतींना नव्हता हे धरूनसुद्धा आकडा बोलका आहे. आणि ते कॉसवर्थ इंजिन पैसे देईल त्याला मिळायचं, अर्ध्याहून जास्त गाड्यांत तेच होतं. तरी त्यांच्यापैकी एक पहिला आणि एक शेवटचा. म्हणजे शनिवारचा सगळा खेळ वजनाचा, पंखांचा, टायरचा आणि माणसाचा होता. त्या सिनेमात शनिवारला जागाच नाही. कारण शनिवारी कुणी कुणाला ओलांडत नाही, एकटी गाडी आणि घड्याळ, त्यात नाट्य कुठून आणणार? मला वाटतं नाट्य होतं, दिग्दर्शकाला ते ऐकू आलं नाही. वजन उतरवण्याच्या त्या रात्रीतच होतं की.

याच्या अगदी उलट एक खरा प्रसंग आहे. मोनॅको, २०१८. डॅनियल रिकार्डो रेड बुलमध्ये, रेनॉचं इंजिन, म्हणजे त्या वेळचं तिसऱ्या नंबरचं. पोल त्याचा, १ मिनिट १०.८१०. रविवारी शर्यत निम्मीही झाली नव्हती तेव्हा गाडीतली विजेवर चालणारी जादा मोटर बंद पडली. साधारण १६० हॉर्सपॉवर गेले. तरी तो शेवटपर्यंत पहिला राहिला. मोनॅकोचे रस्ते आपल्या गावठाणासारखे, ओलांडायला जागा नाही, म्हणून तो वाचला. तेच मोन्झाला झालं असतं तर पाच मिनिटांत मागं गेला असता. म्हणून इंजिनाला किंमत किती, या प्रश्नाला उत्तर देण्याआधी विचारावं लागतं, कुठं? कुठल्या तासावर?

आता बारामतीकडं येतो. मघापासून मी इकडं येण्यासाठीच तिकडं फिरत होतो.

आपल्या बारामती एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना आहे. आपे रिक्षा तिथली, व्हेस्पा तिथली, हे सगळ्यांना माहीत आहे. पण २०२३च्या शेवटापासून एप्रिलिया आरएस ४५७ ही मोटारसायकलही तिथं बनते आणि तिथून युरोप-अमेरिकेत जाते. ही तीच एप्रिलिया, जिनं २०२२ला अर्जेंटिनात मोटोजीपीमध्ये पोलही घेतला आणि आपली पहिली शर्यतही जिंकली. या आरएस ४५७ची ताकद किती? ४७.६ पीएस. ती बाजारात आली तेव्हा आपल्याकडं यूट्यूबवर काय चर्चा? चार लाखांच्या वर घेताय आणि सत्तेचाळीसच?

माझ्या ओळखीचा या बाजूचाच एक मुलगा तिकडं कामाला आहे. त्यानंही मला हेच सांगितलं, जरा खालच्या आवाजात. सर, गाडी चांगलीय, पण सत्तेचाळीसच आहे हो. स्वतःच्या हातानं जोडलेल्या गाडीबद्दल तो ओशाळला होता. ते मला फार लागलं, आणि खरं म्हणजे आजचं हे भाषण तिथून सुरू झालं.

मी त्याला तो आकडा कुठून आला ते सांगितलं. युरोपात तरुण चालकांसाठी ए-टू नावाचं लायसन्स आहे. त्याचा नियम: इंजिन ३५ किलोवॅटपेक्षा जास्त नको, आणि दर किलो वजनामागं ०.२ किलोवॅटपेक्षा जास्त ताकद नको. ३५ किलोवॅट म्हणजे ४७.६ पीएस. आता ३५ला ०.२नं भागा. १७५ किलो. आणि आरएस ४५७चं पेट्रोल भरून वजन किती? १७५ किलो. दोन्ही आकडे बरोबर रेषेवर! नियमानं जेवढी ताकद दिली तेवढी पूर्ण घेतली, आणि वजन जेवढं खाली आणता येईल तेवढं बरोबर आणलं, एक किलो जास्त नाही, एक किलो कमी नाही. हे कवितेतल्या मात्रा मोजण्यासारखं काम आहे. ताकदीचा आकडा कायद्यानं बांधला, म्हणजे स्पर्धा उरली कशात? ॲल्युमिनियमच्या चौकटीत, सस्पेन्शनमध्ये, वेल्डमध्ये, बोल्ट किती आवळलाय त्यात. म्हणजे ज्या गोष्टी तो मुलगा रोज हातानं करतो त्यातच. जो आकडा त्याच्या हातात नव्हता त्याची त्याला लाज वाटत होती, आणि जे त्याच्या हातात होतं त्याला आपल्या समालोचनात शब्दच नाही. आपण त्याला दिलेला नाही.

वाईट समालोचनाचं नुकसान हे असं होतं. टीव्हीवरच्या माणसाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते जोडणाऱ्याचं, घासणाऱ्याचं, वजन उतरवणाऱ्याचं.

इंजिनिअरिंगची पोरं आज बरीच आलीयत, त्यांच्यासाठी एकच सांगतो. तुमच्यापैकी काही जण फॉर्म्युला स्टुडंटच्या स्पर्धेसाठी गाडी बनवता, कोइमतूरला कारी ट्रॅकवर घेऊन जाता. तुम्हाला तो २० मिलिमीटरचा नियम माहीत आहे. इंजिनात जाणारी सगळी हवा २० मिलिमीटरच्या एका भोकातून गेली पाहिजे. हवेचा वेग त्या भोकात ध्वनीच्या वेगाला पोचला की मग तुम्ही काहीही करा, जास्त हवा आत जात नाही.  म्हणजे सगळ्यांची ताकद जवळजवळ सारखी करून टाकलीय. तरी दरवर्षी पहिल्या आणि शेवटच्या गाडीत काही सेकंदांचं अंतर पडतं. तुमच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये मी बघतो, पहिली आठ पानं इंजिनावर आणि टायरला अर्धं पान. पुढच्या वेळी उलटं लिहून बघा. आणि आपली गाडी कितवी आली हे लिहिताना, आपल्या मैदानातला समालोचक कसा लिहील ते आठवा: सुट्टी कशी झाली, तास कुठला मिळाला, पैरा कुठं सुटला.

एक राहिलं. २०१३ला नोएडाच्या ट्रॅकवर फेटेलचा पोल होता, १ मिनिट २४.११९. तिथं एक किलोमीटरच्या वरचा सरळ रस्ता आहे. त्याच्या रेड बुलला रेनॉचं इंजिन, जे तेव्हा सगळ्यात दांडगं मानलं जात नव्हतं. भारतातले तिन्ही पोल त्याचेच, तिन्ही शर्यतीही त्याच्याच. ती फेरी इंटरनेटवर मिळते. घरी गेल्यावर आवाज बंद करून बघा. इंजिनाचाही आणि समालोचकाचाही. फक्त तो वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग कधी सरळ करतो, तेवढंच बघा.

बस. वेळ झालीय, प्रश्न घेऊ. मागं त्या ताईंचा हात मघापासून वर आहे.